पाव्हण्याला उतरायला जागा

श्रीमोहिनीराजाच्या चरणी मस्तक ठेवून, आणि ज्या वाग्देवतेने या वयातही मला अगदीच टाकून दिलेले नाही तिचे स्मरण करून, हे प्रकरण लिहावयास घेतो. निमित्त तसे लहान आहे. परवा माझी नात आणि नातजावई पुण्याहून मोटारीने आले. सोबत त्यांनी पाळलेली कुत्री होती. पुढे त्यांना वेरुळास जायचे होते, म्हणून नात ओसरीवर बसून मोबाईलवरून एकेका लॉजवाल्याला विचारीत होती, "आमच्याबरोबर कुत्री आहे, चालेल ना?" बऱ्याच ठिकाणी नकार आला तेव्हा ती हिरमुसली आणि मला म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळी बरं होतं. असले प्रश्नच नव्हते." ती मंडळी गेल्यावर मात्र मन स्वस्थ बसेना. जे तिला तोंडाने सांगता आले नाही ते श्रीकृपेने येथे लिहितो.

पारनेर तालुक्यातील एका कोरडवाहू गावात, रामाच्या देवळामागे दोन खणांची देवस्थानची जागा होती, तीत आम्ही राहत असू. माझे वडील, ज्यांना मी अण्णा म्हणे, त्यांनी देवळात पुराण सांगावे आणि त्या बदल्यात तेथे राहावे, असा शिरस्ता होता. पहाटे आईचे जाते सुरू होई आणि त्याच्या घरघरीवरच अण्णांचे मंत्रपठण चाले. दोन्ही आवाज एकमेकांत इतके मिसळलेले असत की जाते थांबले म्हणजे मला वाटे, अण्णाच कुठेतरी अडले. खाणे म्हणजे बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे आणि कधी चाकवत. लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळेनासे झाले होते, तांदूळ तर आमच्या बाजूला मुळातच दुर्मीळ. तरी आई एका गाडग्यात मूठमूठ तांदूळ राखून ठेवी. तो आमच्या कोणाच्या पानात पडत नसे. तो वैश्वदेवाचा. रोज जेवणापूर्वी अण्णा शिजल्या भाताच्या आहुती अग्नीत देत, मग अंगणात जाऊन थोडा भात कावळ्यासाठी आणि थोडा कुत्र्यासाठी जमिनीवर ठेवीत आणि पळीने त्याभोवती पाण्याची रेघ ओढीत. कुत्र्याच्या या घासाला श्वानबळी म्हणतात. तो ठेवल्यावाचून गृहस्थाने अन्नाला हात लावायचा नाही, अशी आमच्या घराची शिस्त होती.

त्या घासाला एक कुत्रा लागला. पिवळट रंगाचा, एक कान फाटलेला, कुठून आला कोणास ठाऊक. आई त्याला पाव्हण्या म्हणू लागली. पहिल्या दिवशी तो भात ठेवता ठेवताच झडप घालायला आला तेव्हा आईने पळी उगारली आणि म्हणाली, "अरे, पाहुणा ना तू? मग पाहुण्यासारखा बस की!" महिनाभरात तिने त्याला असे वळण लावले की पाण्याची रेघ पूर्ण होऊन अण्णा पाठमोरे होईपर्यंत तो जागचा हलत नसे. वाटेवर कोणी तुकडा टाकला तर हुंगे आणि माघारी फिरे. मी माझ्यातली भाकरी त्याला देई तीही भोवती पाणी फिरवूनच, नाहीतर तो माझ्या तोंडाकडे बघत बसे. अण्णा त्याला कधी शिवले नाहीत. सोवळ्याच्या बाबतीत ते फार कडक. पण हसून म्हणत, "परान्न वर्ज्य करण्याचे व्रत मला पेलत नाही, याने सहज पेलले."

आईला विषमज्वर झाला आणि ती गेली. तिच्याविषयी मी दुसरीकडे लिहिले आहे, येथे एवढेच पुरे. तिचे वर्षश्राद्ध होते न होते तोच देवस्थानच्या कारभाऱ्यांनी ती जागा आपल्या मेहुण्यासाठी मागून घेतली. अण्णांनी पोथ्या लाल कापडात बांधून खांद्यावर घेतल्या, देवांचा डबा माझ्याकडे दिला, आणि जेथे कोणी पुराण लावील तेथे जायचे असे ठरवून आम्ही बाहेर पडलो. पाव्हण्याला कोणी बोलावले नव्हते. शिवेवरच्या लिंबाखाली तो आमच्या आधीच जाऊन बसला होता. अण्णा त्याच्याकडे पाहून म्हणाले, "हिने लावलेले वळण आहे. मोडू नये." मला तेवढे पुरे झाले. आईच्या हातचे असे आम्हांजवळ आता तेवढेच उरले होते.

पुढची दोन वर्षे आम्ही त्या जिल्ह्याची निम्मी वाट पायांखाली घातली, आणि रोज दिवस कलला की एकच विवंचना पडे: तिघांना उतरायला जागा कोठे मिळेल? पारनेरच्या बाजारात एका धर्मशाळेच्या पहारेकऱ्याने अण्णांच्या पायांवर डोके ठेवले आणि त्याच वाकण्यात हाताला आलेला धोंडा पाव्हण्याच्या बरगडीत मारला. "म्हाराज, तुमी या, तुमचं घरच हाय हे. कुत्र्याला न्हाई जागा. मानसं उतरून घेतो आमी." श्रीगोंद्याच्या वाटेवर एका सधन घरातल्या बाईने आम्हांला ताक दिले, आणि पाव्हण्या उंबऱ्यापासून चांगला लांब बसला असताना चुलीवरचे आधण आणून त्याच्या पाठीवर ओतले. तेथले केस पुन्हा आले नाहीत. तिचे मूल ते पाहून टाळ्या पिटीत होते आणि ती मला कौतुकाने सांगत होती, "याला लई भ्या वाटतं कुत्र्याचं, म्हनून." भ्यायलेले मूल टाळ्या पिटीत नाही, हे मला तेव्हाही कळत होते.

जागा मिळत नसे असे नाही. एका पिंजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईने कापूस पिंजायच्या छपराकडे बोट दाखवून सांगितले, "आमच्यातबी कुत्रं घरात घेत न्हाईत, बाबा. पर हितं ऱ्हावा तिघं. पाऊस तर त्यालाबी लागतोच की." एका वस्तीवर ख्रिस्ती मास्तर होते. त्यांनी शाळेची पडवी झाडून दिली, पाव्हण्याच्या भाजलेल्या पाठीला तेल लावले आणि अण्णांना म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्हाला आमचं पाणी चालायचं नाही, ते ठाऊक आहे. ओढा पलीकडे आहे. पण हा गडी आमच्याकडे जेवला तर तुमची हरकत नाही ना?" अण्णा म्हणाले, "माझी नाही. त्याची असेल." आणि खरेच, मास्तरांच्या बायकोने घातलेली भाकरी पुढ्यात ठेवून पाव्हण्या बसून राहिला. मी पाणी फिरवले तेव्हा त्याने खाल्ली. मास्तर पोट धरधरून हसले. "हा तर तुमच्याहून कर्मठ निघाला!" तर असे होते. जेथे पाव्हण्याला जागा असे तेथे अण्णांना अन्नपाणी घेता येत नसे, आणि जेथे अण्णांचे पाय धुऊन तीर्थ म्हणून पीत तेथे पाव्हण्याला धोंडे पडत. बहुधा आम्ही झाडाखाली तीन दगड मांडून जेवत असू.

असे हिंडत हिंडत आम्ही नेवाशाच्या अलीकडे, प्रवरेच्या काठी एका मोठ्या गावात आलो. त्याचे नाव लिहीत नाही. ज्या घराण्याची गोष्ट पुढे येते त्यातील मुले आजही दिवाळीला माझ्या पाया पडावयास येतात. गावचे वतनदार कुलकर्णी आबाजीपंत हे गोरेपान, हसतमुख, पान खाणारे गृहस्थ होते. देवालयाचा सगळा कारभार त्यांच्या हाती. त्यांनी अण्णांना महिनाभराचे पुराण लावले. दुपारी सभामंडप भरून जाई. पाव्हण्या पायरीखाली श्रोत्यांच्या जोड्यांपाशी बसे आणि पोथी मिटेपर्यंत उठत नसे. पंत मोठ्याने म्हणत, "बुवा, तुमचा हा श्रोता डुलकी घेत नाही. आमच्या मंडळींना याच्याकडे शिकवणीला ठेवू या का?" लोक हसत. मला पंत आवडू लागले होते.

पुराण समाप्तीला आले तेव्हा पंतांनी अण्णांना घरी बोलावले. मी सोबत होतो. ते म्हणाले, "बुवा, किती दिवस या पोराला वाटेवर वाढवणार? देवालयाच्या आवारात दोन खोल्या आहेत. कायमचे इथे राहा. पुराण तुमचे. नेवाशाचे शास्त्री हा काय कोसा-दीड कोसावर, पोराची संथा तिकडे होईल. जेवायला वार लावून देऊ. शनिवार आमच्याकडे." अण्णांचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत आम्हांला असे कोणी म्हटले नव्हते. मग पंतांनी पानाला चुना लावता लावता सांगितले, "एक तेवढे. ते कुत्रे आवारात नको. आमच्या हिचे सोवळे वाळत असते, नैवेद्याची वाट तिथूनच. काय ते सोडून द्या कुठेतरी."

अण्णा म्हणाले, "पंत, आवारात नसो. मागच्या गोठ्यात एक कोपरा द्या. तो गोठ्याबाहेर पाऊल टाकणार नाही, मी हमी देतो."

पंतांच्या पत्नी आतूनच म्हणाल्या, "माणसाची हमी माणूस देईना आजकाल, हे कुत्र्याची देतायत!"

पंत हसले. "विचार करून सांगतो," म्हणाले.

माझ्यासाठी हा निकाल किती मोठा होता हे वाचकांस निराळे सांगावयास नको. खोल्या मिळाल्या तर मी शिकणार होतो, आणि गोठ्याचा कोपरा मिळाला तर आईचा पाव्हण्याही जवळ राहणार होता. अण्णांनी मागणे मागण्याचा त्यांना ठाऊक असलेला एकच मार्ग धरला. दुसऱ्या दिवशी पुराणात आचारधर्माचे निरूपण आले तेव्हा त्यांनी पोथीवर हात ठेवून पायरीखाली बोट केले. "मंडळी, तो मुका जीव पाहा. कोणाच्या उष्ट्याला, कोणी फेकलेल्या तुकड्याला तो तोंड लावीत नाही. भोवती पाण्याची रेघ ओढून विधीने ठेवलेला घास असेल तर खातो, नाहीतर उपाशी राहतो. याला अमंगळ म्हणावे की व्रतस्थ म्हणावे, तुम्हीच सांगा."

मंडपात कुजबूज झाली. एक म्हातारा शेतकरी खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "व्हय म्हाराज! माझ्या दोन सुना याच्याफुडं काय बी न्हाईत. घरातलं सांगू नये, पर देवाचा निवद व्हायच्या आधीच खात्यात!" बायकांत हशा पिकला. पंत पुढे सरकून बसले होते. त्यांनी मोठ्या आस्थेने विचारले, "बुवा, रेघ कोणीही ओढली तर चालते का हो त्याला? का तुम्हीच लागता?"

अण्णांचा चेहरा उजळला. त्यांना वाटले, पंतांचे मन वळले. ते म्हणाले, "कोणीही ओढावी, पंत. तो माणूस पाहत नाही, विधी पाहतो." सगळा मंडप वाहवा म्हणाला. पुराण सांगताना अण्णांना इतके प्रसन्न मी पुन्हा कधी पाहिले नाही.

दुसऱ्या सकाळी मी ओल्या पंच्याने नदीवरून पूजेची घागर घेऊन येत होतो. देवालयाच्या मागच्या अंगाला पंत उभे होते. हातात चांदीचा तांब्या आणि पळी. स्नान झालेले, कपाळी गंध. जमिनीवर केळीच्या पानाचा तुकडा होता, त्यावर तूप-गूळ कालवलेल्या भाताची शिते चिकटली होती, आणि पानाभोवती पाण्याची रेघ अजून ओली होती. अगदी नीट, गोल ओढलेली. पाव्हण्या थोडा दूर भिंतीशी उभा होता. त्याचे पाय लाकडासारखे ताठत चालले होते आणि तो माझ्याकडे शेपूट हलवू पाहत होता. मग तो आडवा झाला. भातात कुचल्याचे विष होते.

मी घागर ठेवून धावलो तर पंत ओरडले, "शिवू नकोस! सोवळ्यात आहेस तू!" मी त्याला हाक मारली. हाक ऐकताच त्याचे अंग धनुष्यासारखे वाकले, मान मागे गेली, दात उघडे पडले. ते ओसरले तसा मी पुन्हा हाक मारली, पुन्हा तेच झाले. त्या विषाचा गुणच तसा. त्यात शुद्ध जात नाही आणि आवाजाने, स्पर्शाने झटका येतो. तेव्हा मला ते ठाऊक नव्हते. माझा आवाज ऐकून अण्णा आले. ते पूजेला बसण्याच्या बेतात होते, नेसूला सोवळ्याचा मुकटा होता. ते सरळ पाव्हण्यापाशी जाऊन धुळीत बसले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हातानेच त्याला तोवरचा सर्वांत मोठा झटका आला. अण्णांनी हात काढून घेतला. "विष्णू," ते मला म्हणाले, "हाक मारू नकोस आता. आपण नुसते बसू." आम्ही नुसते बसलो. त्याला वेळ लागला. त्याचे डोळे शेवटपर्यंत आमच्याकडे होते, आणि आम्ही त्याला ना शिवू शकत होतो, ना त्याच्याशी बोलू शकत होतो.

पंत तोवर तेथेच उभे होते. सगळे संपल्यावर ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "बुवा, तुमच्याच हिताचे केले. तुमच्याने झाले नसते. आता गोठ्याचा प्रश्नच उरला नाही. खोल्या सारवून घेतल्या आहेत." मग खरोखरीच्या कौतुकाने ते पुढे म्हणाले, "पण काल तुम्ही सांगितलेत ते अगदी खरे हो. आधी नुसते पान ठेवले तर ढुंकून पाहिना. पळी फिरवली मात्र, की आला."

माझे वय आज त्या पंतांच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट आहे. माणसे क्रूर असतात तेव्हा ती बहुधा रागावलेली नसतात, स्नान करून आलेली असतात, हे त्या सकाळी मी शिकलो. एवढे शिकायला पुढे कोणत्याही शास्त्रीबुवांकडे जावे लागले नाही.

अण्णांनी आपले उपरणे काढून पाव्हण्याला त्यात बांधले. पंतांचा गडी म्हणाला, "म्हाराज, तुमी नका हात लावू, आमी वढून टाकतो." अण्णांनी मान हलवली. आम्ही दोघांनी ते ओझे नदीपर्यंत नेले आणि पाणी चढत नाही अशा जागी हातांनीच खड्डा उकरला. परत येताना पाणवठ्यावरच्या बायका बाजूला झाल्या. पंतांच्या पत्नी ओसरीवरून म्हणाल्या, "आता काय, कुत्र्याचे सुतक धरणार का पुराणिकबुवा? पोथी आहे ना दुपारी?"

पोथी झाली. मला वाटले होते की आम्ही त्याच पावली निघू. मी देवांचा डबा बांधूनही ठेवला होता. पण अण्णा पुन्हा स्नान करून वेळेवर व्यासपीठावर बसले. पारायणाचा संकल्प केला होता, तो अर्धवट टाकता येत नाही. आवाज नेहमीचाच होता. समाप्तीच्या दिवशी प्रथेप्रमाणे गावाने अण्णांना हार घातला आणि एकेक कुटुंब आशीर्वादासाठी पुढे आले. अण्णा मंत्राक्षता देत होते. पंत सहकुटुंब आले आणि वाकले. मी अण्णांच्या हाताकडे पाहत होतो. माझी मनोमन इच्छा होती की तो हात रिकामा राहावा. अण्णांनी विचारले, "पंत, मुलांची नावे सांगा." पंतांनी सांगितली. अण्णांनी एकेका मुलाचे नाव घेऊन, एकेकाच्या मस्तकावर अक्षता टाकल्या, दीर्घायुष्य चिंतिले, आणि शेवटी पंतांच्या मस्तकावर टाकल्या.

मंडप रिकामा झाल्यावर मी रडत विचारले, "अण्णा, आपण इथे राहायचं? यांच्यात? दुसरीकडे जाऊ या ना."

अण्णा पोथी बांधीत होते. गाठ मारून झाल्यावर ते म्हणाले, "दुसरीकडे कशाला, बाळ? आता आपण दोघेच आहोत. आता आपल्याला कुठलेही दार उघडेल. मग हेच का नको?"

आम्ही तेथे राहिलो. मी शिकलो. शनिवारी पंतांच्या घरी जेवलो. वाढताना पंतांच्या पत्नींनी कधी हात आखडता घेतला नाही, हेही सांगितले पाहिजे. अण्णा पुढे त्याच खोल्यांत निवर्तले. वैश्वदेव त्यांनी अखेरपर्यंत केला, पण श्वानबळी ठेवण्याचे काम त्या दिवसापासून माझ्याकडे दिले आणि स्वतः अंगणाकडे पाठ करून उभे राहत. आपण विधीने एका जिवाला विश्वासायला शिकवले आणि तो विश्वास कसा वापरावा हे भर मंडपात सांगितले, असे त्यांना वाटे की नाही, मला माहीत नाही. त्यांनी तसे कधी म्हटले नाही आणि मी विचारले नाही. इतके मात्र पाहिले की त्यानंतर निरूपणात त्यांनी घरच्या कोणाचा दाखला कधी दिला नाही.

पुढे मीही पुराणिकच झालो. शेकडो मस्तकांवर अक्षता टाकल्या आणि कोणत्या मस्तकाखाली काय आहे हे विचारले नाही. तो अधिकार आपला नव्हे, असे अण्णांच्या हाताने मला शिकवले होते. म्हणून हे वाचणाऱ्या सज्जना, तुझ्या घरी कोण उतरते आणि कोणाला दार बंद होते, हेही मी विचारीत नाही. तुझी मुले दीर्घायुषी होवोत, त्यांची नावे घेणारी वडील माणसे घरात नांदोत, चूल विझू नये, गोठा भरलेला असो. आणि परमेश्वरापाशी तुझ्यासाठी मागणे इतकेच की तुझ्या हाताने जे अन्न ज्या कोणाच्या पुढे ठेवले जाईल, ते त्याला निर्धास्तपणे खाता यावे. तथास्तु.